पितळी रिंग आणि महागाचं तेल

एकदा एक धाकटा भाऊ थोरल्याच्या गाडीसाठी तेल निवडायला बाजारात गेला. तो धाकटा म्हणजे मीच. पण 'मी' म्हणून सांगायला बसलो की दोन वाक्यांपुढे जाता येत नाही, म्हणून इथे त्याला धाकटाच म्हणतो.

थोरल्याचं नाव इंद्रजित. साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मागे आई राहिली, धाकटा राहिला आणि एक लाल गाडी राहिली. स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोनच सीटं, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसलेली. कुणीतरी ठोकून टाकून दिलेली ती इंद्रजितने उचलून आणली आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस तिच्याखाली पाठ टेकून काढत तिला पुन्हा रस्त्यावर आणली. लोक म्हणत, कोल्हापुरात या गाडीला रस्ता कुठला? तो म्हणे, "पन्हाळ्याचा घाट हाय की."

गल्लीच्या तोंडाशी एक वळण आहे. तिथे इंद्रजित तिसऱ्या गियरवरून दुसऱ्यावर यायचा. त्याची एक लकब होती. दोन गियरच्या मधे, जिथे कुठलाच गियर नसतो, तिथे तो गियरचा दांडा अर्धा श्वास थांबवायचा. मग खट्. त्या 'खट्'वर आई चुलीवर तवा ठेवायची. तो हातपाय धुऊन पानावर येईपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची.

तो गेल्यावर घरात त्याचं नाव निघेनासं झालं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. आईने नाव काढलं नाही, म्हणून धाकट्याने काढलं नाही. आणि धाकट्याने काढलं नाही, म्हणून आईने. त्याचं ताट मांडणीवर सगळ्यात खाली गेलं. त्याच्या मित्रांचे फोन धाकटा उचलेना. ज्या रस्त्यावर त्याची आठवण होई, तो रस्ता सोडून तो लांबून जाई. भेटायला येणारे म्हणत, शांत झालं बघा घर. आणि घर खरंच शांत होतं. आई तासन्तास एका जागी बसून असायची आणि धाकटा एका जागी टिकत नव्हता. उभ्या उभ्या जेवायचा आणि बाहेर पडायचा. दोघं एकमेकांच्या बाजूने नुसती सरकून जात. आणि जेव्हा बोलत, तेव्हा कशावरूनही भडका उडे. मिठावरून, जळत राहिलेल्या दिव्यावरून, दारात काढलेल्या चपलेवरून.

एका दुपारी धाकट्याने गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. का, ते त्याला विचारू नका. त्याला ते 'खट्' एकदा ऐकायचं होतं, एवढंच. तो गावाबाहेर जाऊन आला आणि गल्लीच्या वळणावर त्याने दांडा ओढला. करर्र असा आवाज झाला की पानाच्या टपरीवरच्या माणसाने हातातलं पान खाली ठेवलं. आई दारात आली होती. चौकट धरून उभी होती. तिच्या तोंडावर काय होतं ते धाकट्याला बघवलं नाही.

"विकून टाक ती," आई म्हणाली. "ओरडती."

"ओरडत न्हाय. तेल जुनं झालंय तिचं."

"तुझ्या मामाकडं सांगलीचा कुणी गिऱ्हाईक हाय. रविवारी घेऊन येतो म्हणालाय. मी व्हय म्हणून सांगितलंय."

"मला न विचारता?"

"तू घरात असतोस तवा विचारायला?"

धाकटा तसाच चालू लागला. रविवारच्या आत गाडीचा आवाज बंद झाला तर आई ती विकायची थांबेल, असं त्याने मनाशी धरलं. तेव्हा त्याला दुसरं काहीच सुचत नव्हतं.

बाजारात तेलाचा एक व्यापारी होता. त्याच्या दुकानात भिंतभर डबे, प्रत्येकावर वेगळे आकडे, वेगळी अक्षरं. धाकट्याला वाचायला वेळ लागतो आणि वेळ काढायची त्याला सवय नाही. तो म्हणाला, "गियरबॉक्सचं तेल द्या. सगळ्यात भारी."

"गाडी कुठली?"

"स्पोर्ट्स. हातानं गियर टाकायची."

"मग हे घ्या," व्यापाऱ्याने वरच्या फळीवरचा सोनेरी डबा काढला. "शर्यतीच्या गाड्यांत घालतात. लोखंडाला लोखंड लागूच देत नाही. बोटाला लावून बघा, बोट ठरणार नाही. पण एकदा गाडीचं पुस्तक बघा, पितळी..."

पुढचं ऐकायला धाकटा दुकानात नव्हता.

घरी येऊन त्याने स्वतःच गाडीखाली शिरून जुनं तेल एका रिकाम्या डब्यात सोडलं आणि नवं तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. आधी ती वळणावर ओरडत होती. आता सरळ रस्त्यावर ओरडायला लागली. दुसरा टाकला तरी करकर, तिसरा टाकला तरी करकर. त्याने दांड्यावर हात आपटला, हाताला लागलं, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो बराच वेळ बसून राहिला. त्याच्या मनात आलं, हिला दादाचा हात पाहिजे. माझ्या हातून ही चालणार नाही.

मग त्याला दस्तगीर मुजावर आठवले.

उद्यमनगरात त्यांचं पत्र्याचं शेड. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. वय झालेलं, मिशा पांढऱ्या, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. ते फक्त गियरबॉक्स उघडत. इंजिनाचं काम आलं तर "त्यो माझा देव न्हवं" म्हणून समोरच्याकडे पाठवत. इंद्रजित त्यांच्याकडेच जायचा. धाकटा गाडी घेऊन शेडमध्ये शिरला, तेव्हा ते जमिनीवर बसून गियर पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"इंद्राची गाडी," ते म्हणाले. "पर हात इंद्राचा न्हाय. ये धाकल्या."

धाकट्याने सगळं एका दमात सांगितलं. आईचं, मामाचं, रविवारचं, तेलाचं. वस्ताद उठले, गाडीखाली गेले, तेल भरायचा बोल्ट सैल करून बोट आत घातलं आणि बाहेर येऊन बोटाचा वास घेतला. नाक मुरडलं आणि हसायला लागले.

"हसताय काय वस्ताद?"

"तुमच्या घराण्यालाच महागाचं वेड हाय लेका. तुझा दादाबी पहिल्यांदा ह्योच सोनेरी डबा घेऊन आलता."

 इतके महिने धाकट्याला वाटत होतं की दादाचं जे काही होतं ते सगळं होऊन गेलं. मेलेल्या माणसाबद्दल अजून काही नवं कळू शकतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तहान लागल्यासारखं त्याने विचारलं, "मग? पुढं काय झालं?"

"पुढं काय. जे तुझ्यासंगं होणार हाय तेच." वस्तादांनी फळीवरून दोन वस्तू काढल्या. एक पोलादाचा गियर, त्याच्या एका अंगाला शंकूसारखा निमुळता गुळगुळीत भाग. दुसरी पितळेची रिंग, आतून बारीक रेघा पाडलेली, त्या निमुळत्या भागावर बरोबर बसणारी. त्यांनी गाडीतलं ते महागाचं तेल थोडं काढून शंकूला चोपडलं आणि दोन्ही वस्तू धाकट्याच्या हातात दिल्या. "रिंग चढीव, दाब आणि फिरीव. रिंगेनं गियर धरला की मला हाक मार."

आणि ते पुन्हा आपल्या कामाला बसले.

धाकटा फिरवत राहिला. रिंग दाबावी तशी शंकूवर गरागरा फिरे. त्याने जोर केला. ती आणखी सुळसुळीत झाली.

"धरली?" वस्तादांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"न्हाय."

"फिरीव."

शेजारच्या लेथवरचा माणूस चहा घेऊन आला, वस्तादांशी पोराच्या लग्नाचं बोलला, निघून गेला. धाकट्याच्या मनगटाला रग लागली. रिंग हातातून निसटून घरंगळत बाकाखाली गेली. ती काढायला तो वाकला आणि वाकलेलाच म्हणाला, "वस्ताद, रविवारी गाडी चाललीय. आन तुम्ही मला खेळायला बसवलंय."

"तू निदान वाकून काढतोयस. इंद्रानं फेकून मारली होती. त्यो समोरच्या पत्र्याला पोचा दिसतोय न्हवं? त्यो त्याचा."

धाकट्याने बघितलं. दाराजवळच्या पत्र्यात, डोक्याच्या उंचीवर, एक पोचा होता. तो उठून तिथे गेला आणि त्याने त्या पोच्यात अंगठा ठेवला. अंगठा बरोबर बसला. त्याला दादा शांत माणूस म्हणून माहीत होता. हा रागावणारा, वस्तू फेकणारा दादा त्याला कधी भेटलाच नव्हता, आणि आता भेटणार नव्हता. तो तिथे किती वेळ उभा राहिला कोण जाणे. वस्तादांनी त्याला हाक मारली नाही.

मग तेच उठून आले. रिंग आणि गियर रॉकेलमध्ये धुतले, कोरडे पुसले आणि कोपऱ्यातल्या साध्या डब्यातलं पातळसर तेल लावून पुन्हा त्याच्या हातात दिले. "आता."

धाकट्याने रिंग चढवली, दाबली, फिरवली. ती थोडी फिरली, जड झाली आणि थांबली. आता रिंग फिरवली की तिच्यासोबत गियरही फिरत होता. दोन्ही एकच असल्यासारखे.

"धरली," तो म्हणाला.

वस्ताद बाकावर बसले. त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश बोलायला लागले.

"आता ऐक. गियरबॉक्सात एक चाक पळत असतंय आन दुसरं मागं राहिलेलं असतंय. तुला त्यांना जोडायचं असतंय. पळणाऱ्याच्या दातात मागं राहिलेल्याचे दात एकदम घातलेस तर काय होणार? करकर. म्हणून मधी ही रिंग घातलीय. दात भिडायच्या आधी ही जाऊन अंगाला घासती. घासून घासून पळणाऱ्याला जरा थांबवती, थांबलेल्याला जरा पळवती. दोघांचा वेग एक झाला की मग दात आपसूक बसत्यात. त्यो आवाज 'खट्'. तुझ्या त्या व्यापाऱ्यानं दिलेलं तेल वाईट न्हाय. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या क्राऊन गियरला घाल, तिथं ते सोनं हाय. पर हितं त्यानं रिंगेला घासूच दिलं न्हाय. समदं गुळगुळीत करून टाकलं. रिंग नुसती सरकून गेली आन दात दातावर गेले. ध्यानात धर धाकल्या, ती करकर घासल्याची न्हवं. न घासता भिडल्याची हाय."

धाकटा हातातल्या रिंगेकडे बघत होता.

"आन पितळ कशाला, पोलाद का न्हाय?" वस्ताद पुढे म्हणाले. "पितळ मऊ असतंय. झिजायचं काम ते सोताकडं घेतंय आन दात वाचिवतंय. इंद्राला हे कळलं तवापासनं त्यो गियर टाकताना मधी जरा थांबायला लागला. रिंगेला तिचं काम करायला तेवढा वेळ द्यावा लागतोय."

तो अर्धा श्वास. धाकट्याला वाटायचं, दादा जन्मतःच तसा थांबणारा होता. तो थांबायला इथे शिकला होता, आधी पत्र्याला पोचा पाडून.

गाडी अजून गरम होती, म्हणून तेल लगेच सोडता आलं. वस्तादांनी साधं तेल भरलं. काठापर्यंत आलं, थोडं ओघळलं, ओघळणं थांबल्यावर बोल्ट बसवला. निघताना धाकट्याने गाडीच्या मागून एक डबा काढला.

"वस्ताद, हे दादानं घातलेलं जुनं तेल. मी सोडलं ते ठेवलंय. हेच परत घालता येत न्हाय का?"

वस्तादांनी डबा उन्हात नेला आणि हलवला. काळ्या तेलात बारीक सोनेरी चमक उठली, गोल फिरली आणि पुन्हा खाली बसली.

"हे बघितलंस? ह्ये पितळ हाय. इंद्रानं टाकलेल्या दर गियरला रिंग इवलीशी झिजली, ती समदी ह्यात हाय." त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि डबा दोन्ही हातांनी त्याला दिला. "गाडीत घालू नको. ह्यानं त्याचं काम केलंय. तू जवळ ठेव."

धाकटा गाडीत बसला, पण त्याने चावी फिरवली नाही. काच खाली करून तो म्हणाला, "वस्ताद, आमच्या घरात ती रिंग दादाच होता."

आई थांबलेली, आपण पळणारे, आणि मधे तो. आईला तो चिडवायचा, धाकट्याला शिव्या घालायचा, दोघांची बोलणी खायचा. दोघांनाही वाटायचं, हा आपल्याशीच भांडतो. तो दोघांना घासत होता.

 वस्तादांनी गाडीच्या टपावर हळूच एक थाप मारली.

ऊन उतरायला लागलं होतं. गल्लीच्या तोंडाशी धाकट्याने क्लच दाबला, दांडा तिसऱ्यातून काढला आणि मधे थांबवला. अर्धा श्वास. इतका लांब अर्धा श्वास त्याने आयुष्यात घेतला नव्हता.

खट्.

तो दारात पोचला तेव्हा घरातून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. आई बाहेर आली. तिचे हात पिठाने भरलेले होते. ती गाडीकडे बघत होती, मग तिने स्टिअरिंगमागे बसलेल्याकडे बघितलं.

"मी तवा ठेवला," ती म्हणाली. "येड्यागत. आवाज आला आन मी तवा ठेवला."

रोजच्यासारखं असतं तर धाकटा 'असू दे' म्हणाला असता आणि बाजूने सरकून आत गेला असता. दांड्यावरचा हात त्याने तसाच ठेवला. जरा थांबला.

"मला पण वाटलं," तो म्हणाला. "वळणावर. मीच चालवत होतो तरी वाटलं, दादाच आलाय."

आईचं तोंड वाकडं झालं. तो उतरून दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याने दार उघडलं. आई त्या गाडीत कधी बसली नव्हती. ती वाकली, अडखळली, एक हात टपाला लावला, तिथे पिठाचा पंजा उमटला, आणि धपकन खाली गेली.

"बसायचं हाय हिच्यात का झोपायचं?"

"गाडी आणली तवा दादाला हेच म्हणाली होतीस."

"त्यो काय म्हणाला होता सांगू? म्हणाला, तुला उठवायला क्रेन आणतो." ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. धाकटाही. इंद्रजित गेल्यापासून ती दोघं एकमेकांसमोर पहिल्यांदा रडत होती. रडता रडता भांडलीही. ताप आला तेव्हा तू का नाही सांगितलंस, तू घरी का नव्हतास, सगळं निघालं. गल्लीतून जाणाऱ्यांनी बघितलं आणि मान वळवून पुढे गेले. मग धाकट्याने पत्र्याच्या पोच्याची गोष्ट सांगितली. आईने ती दोनदा सांगायला लावली.

आत तवा तापून धुरकटला होता. कुणी उठलं नाही.

आईने दांड्यावर हात ठेवला. इंद्रजितच्या तळव्याने त्याच्यावरचे गियरचे आकडे पुसून गुळगुळीत केले होते. "रविवारी गाडी जागेवर न्हाय म्हणून सांग मामाला," ती म्हणाली. "नको, मीच सांगते. तू सांगायला गेलास तर भांडशील."

त्या गाडीत दोनच सीटं आहेत. तो असता तर आम्हा तिघांतल्या एकाला बाहेर उभं राहावं लागलं असतं, आणि तो उभा राहिला असता, खिडकीत कोपर टेकून, दोघांना चिडवत. त्या संध्याकाळी आई मधे मधे खिडकीकडे बघत होती. मीही बघत होतो. काच मी खालीच ठेवली होती.

ज्या घरातून माणूस गेलंय तिथे सगळं गुळगुळीत करायला जाऊ नका. त्याचं नाव घ्या, आणि घासू द्या.